काकूंनी न लिहिलेला मेल

थांबा, हे जेवायला बसायच्या आधीच सांगून टाकतो, नाहीतर घास उतरणार नाही.

आमच्याकडे द्वारका चौकाजवळ एका काकूंचं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, सगळं. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा लोडशेडिंग असं, की पत्रिका अर्धी झाली की लाइट गेलीच. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. काकू नवरीच्या सगळ्या मामांची नावं पुन्हा पहिल्यापासून टाइप करायच्या आणि लाइटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायच्या.

ज्या प्रोग्राममध्ये त्या टाइप करायच्या तो एडिटर ओपन सोर्स होता. म्हणजे फुकट, आणि कोणीही कोड बदलून पाठवावा, बनवणाऱ्यांना पटला तर तो सगळ्यांसाठी आत. मी एक सोय लिहिली: एंटर दाबला की फाइल आपोआप सेव्ह. त्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सगळ्यांना एकदम मेल जातो तिथे, पाठवली. तिकडचे म्हणाले, कशाला हवंय हे? मग मी लोडशेडिंग समजावलं, त्यांनी सांगितलं तसा कोड पुन्हा पुन्हा बदलला, आणि घेतली की हो त्यांनी! काकूंनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आसपासच्या दुकानांतही तोच एडिटर बसला.

वर्षभराने लिस्टवर प्रश्न आला. या सोयीमुळे नवं काम अडतंय, कोणी वापरतं का? वापरत असाल तर इथे लिहा. मी लिहिलं, आमच्याकडे खूप जण वापरतात. उत्तर आलं, त्यांच्याकडूनच ऐकायला आवडेल.

पळत दुकानात गेलो. काकू म्हणाल्या, "अरे, तुला सांगते ना रोज, छान चालतंय म्हणून. परक्यांना काय कळवायचं त्यात?" मी फारच मागे लागलो तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बरं, मराठीत लिहिते. चालेल?"

मी म्हणालो, "नको काकू. त्यांना कळणार नाही, हसतील."

त्यांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले. बाकीच्या दुकानांतूनही कोणी लिहिलं नाही. पुढच्या व्हर्जनमधून सोय काढून टाकली गेली, आणि हे मी काकूंना कधी सांगितलंच नाही.

एक मराठी मेल! वाचता आला नसता त्यांना, पण इथे कोणीतरी आहे एवढं तरी दिसलं असतं. खाली इंग्रजीत अर्थ मी लिहिला असता ना. तेव्हा सुचलंच नाही.

आणि आज दुपारी काकूंचा फोन. "नवीन व्हर्जन आलंय म्हणे. येऊन बसवून दे की." त्यांच्याकडे अजून जुनंच आहे, एंटर दाबला की सेव्ह होतंय. आता काय सांगू त्यांना?

तुमचं झालंय का असं? बोलायला तयार झालेल्या माणसाला तुम्हीच थांबवलंय कधी? लिहा ना. मराठीतच लिहा.