बोथट सुरी हवी

धारवाल्या काकांनी अख्ख्या बाजाराच्या सुऱ्यांना धार लावून दिली होती, पण घरची सुरी टोमॅटोवर ठेवली की टोमॅटो चिरायच्या ऐवजी चेपायचा. आता बोला! काकूंनी तीस वर्षं कानीकपाळी ओरडून पाहिलं. "उद्या देतो की लावून," हे काकांचं ठरलेलं उत्तर.

काकांचा जुना दगड झिजून मधोमध खोलगट झाला, तेव्हा नवा घ्यायला दोघं हत्यारांच्या दुकानात गेली. दुकानदाराने विजेवर फिरणारं यंत्र पुढे केलं. काका उखडलेच. "अहो, हे यंत्र पातं खातं! साधा दगड दाखवा."

टेबलावर सात-आठ दगड आले. काका प्रत्येकावर पाणी शिंपडायचे, नखाने खरवडायचे आणि नाक मुरडायचे. शेवटी म्हणाले, "घासून बघितल्याशिवाय काय कळणार? एखादी बोथट सुरी आहे का?"

दुकानदार शोधू लागला, तोच काकूंनी पिशवीतून घरची सुरी काढली. "ही घ्या. हिच्याहून बोथट साऱ्या गावात सापडायची नाही."

काका रंगात आले. भरड दगडापासून अगदी बारीक दगडापर्यंत एकेकावर सुरी घासत, कान देऊन आवाज ऐकत राहिले. तासाभराने त्यांनी ती कागदावरून फिरवली. हूं की चूं न करता कागदाचे दोन तुकडे झाले.

"हाच दगड!" काका लहान मुलासारखे खुलले.

काकूंनी सुरी अलगद गुंडाळून पिशवीत टाकली. "हा घ्या नाहीतर तो घ्या. मी ज्यासाठी आले होते, ते झालं."