गुळातली गोळी

डबेवाल्या मावशींचं आधी सांगतो, मंग माझं. एमआयडीसीत आमच्या गेटसमोर पत्र्याच्या खोलीत त्या मिलवाल्यांचे डबे करतात. मूळच्या आष्टीकडच्या. त्या दुपारी त्यांनी दंडाला धरून मला खाली बसवलं नसतं, तर काय झालं असतं, याचा विचार अजून करवत नाही.

मी भंडाऱ्याकडचा. नववीत शाळा सुटली आणि फिरत फिरत जालन्याला सळईच्या मिलमध्ये लागलो. काम चिमट्याचं. लालभडक सळई रोलमधून सुसाट बाहेर येते, ती चिमट्यात पकडून पुढच्या रोलला द्यायची. समोर जोडीदार उभा. माझा हात चुकला तर सळई त्याच्या पायावर. धुळीला नि आगीला उतारा म्हणून आम्ही पाळीआधी गुळाचा खडा तोंडात टाकतो. गुळाची थाळी दिसली की हात आपोआप जातो.

धुळवड होती. भट्टी एका सणासाठी थंड करत नाहीत, त्यामुळे आमची धुळवड सकाळपुरती. तीनला पाळी ठरलेली. जोडीदारानं परवान्याच्या दुकानातून भांग आणली नि गुळात गोळ्या वळून त्याच थाळीत ठेवल्या.

"एकच खाय. भात खाणारा गडी तू, तुला सोसायची न्हाई," तो म्हणाला.

अकराला उपाशीपोटी एक खाल्ली. त्यानंही एक खाल्ली. बारा वाजले तरी मला काहीच नाही. "तुझ्या गोळीत गूळच जास्त," मी म्हणालो. तो हसत रंग खेळायला गेला. थाळी समोरच होती. बघता बघता आणखी दोन तोंडात गेल्या.

एकला डबा घ्यायला मावशींकडे गेलो आणि दारातच पाय कुणाचे तरी दुसऱ्याचे झाले. छाती धडधडायला लागली. मोबाईल पाहिला, एक वाजून दहा. खूप वेळानं पुन्हा पाहिला, एक वाजून अकरा. डोकं आता कायमचं असंच राहणार, आई ओळखायची नाही, असलं काहीबाही सुरू झालं. आणि तीनची पाळी! खाडा झाला तर काम जाईल. मी उठून गेटकडे निघालो.

मावशींनी पिठाच्या हातानंच दंड धरला. "काय खाल्लं?"

"गूळ."

"मला गूळ शिकवतो? किती?"

"तीन. एक अकराला, दोन बाराला."

"अरे बाबा, पोटातली भांग जल्दी चढत न्हाई. कधी दोन दोन घंटे लागतात. पहिली चढायच्या आधीच तू दुसरी कोंबली. वरून दारू पिला का?"

"न्हाई. मावशी, मी मरून राह्यलो का?"

"एवढी भाकर थापू दे, मंग मर."

मला हसू आलं, मंग हसू थांबेना, मंग रडू आलं. त्यांनी दाराशी, वाऱ्याला सतरंजी टाकली, पाणी दिलं. "हे उतरतं. उलटी थांबली न्हाई, छातीत दुखलं, तर सांग. रिक्षा बोलावते. दवाखान्यात खाल्लेलं खरं सांगायचं, लाजायचं न्हाई."

"मुकादमाला ताप आला म्हणून सांगा ना."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "ताप सांगितला की तुझ्या जोडीदाराला दुसऱ्याबरोबर उभा करतील. त्यानं किती खाल्ली?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला माझंच पडलेलं.

फोन त्यांनी लावून दिला, बोललो मी. जीभ जड, तरी सांगितलं: आम्ही दोघांनी भांग खाल्ली, दोघांनाही चिमट्यावर घेऊ नका. मुकादमानं दिल्या त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत; पण दुसरी जोडी लावली. आम्हाला आठ दिवस भंगार उचलायला घातलं. जोडीदार चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी थाळी पुढं सरकवून म्हणाला, "कोरा गूळ आहे. खाय, चुगलखोरा."

मावशी सहापर्यंत माझ्याजवळ होत्या. किती वाजले, हे मी शंभरदा विचारलं असेल. दरवेळी त्यांनी घड्याळ पाहून बराबर सांगितलं. संध्याकाळचे डबे उशिरा गेले, लोकांनी तोंड सोडलं. कारण काय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आता पाळी असली की मी भांगेला हात लावत नाही. सुट्टीच्या धुळवडीला जेवून, हरभऱ्याएवढी, आणि थाळी लगेच दुसऱ्याकडे. तरी मन जागेवर नसतं. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत सुटतो, पाळी कितीची तुझी? लोक हसतात. हसू दे.

मावशी, तुमची एक दुपार माझ्याकडे आहे. कधी तुम्हाला बरं नसेल, जीव घाबरा होईल, तेव्हा मी पाळी सोडून येईन, दाराशी सतरंजी टाकीन. तुम्ही शंभरदा विचारा किती वाजले. मी दरवेळी घड्याळ पाहून सांगेन.