यादी शेवटी असते

आई गेली तेव्हा तिच्या आवाजाची माझ्याकडे एक्केचाळीस रेकॉर्डिंगं होती. चाळीस मिठागरावरच्या गाण्यांची आणि गप्पांची. एक्केचाळिसावं दवाखान्यातलं, बहिणीसाठी; दोघींचं तेव्हा बोलणं बंद होतं. ते करताना आईने मलाच खोलीबाहेर घालवलं होतं : "तू भायेर जा. ह्ये तिचं हाय." बहिणीला वर्षभर ते ऐकण्याचा धीर झाला नाही. मीही ऐकलं नाही.

जुना फोन देऊन नवा घेताना सगळी रोह्याला कंपनीतल्या कॉम्प्युटरवर उतरवली, मोजली, झिप करून एकाच फाइलीत बांधली. पेनड्राइव्हवर कॉपी होत असताना शिफ्ट सुटली, पेणच्या बसने हॉर्न दिला. स्क्रीनवर कॉपीची पट्टी भरलेली दिसली. मी ड्राइव्ह उपसला आणि कंपनीच्या मशीनवर खासगी काही ठेवू नये म्हणून तिथलं सगळं पुसलं. नियम मी कधी मोडत नाही.

वर्षश्राद्धाला बहीण म्हणाली, "दादा, आज ऐकव." झिप उघडेना.

तीन दिवस मी त्या फाइलची रचना वाचत बसलो. झिपची यादी शेवटी असते. आत काय आणि कुठे आहे ते तिथे लिहिलेलं. माझी फाइल शेवटाला तुटलेली, म्हणजे यादीच गेली. पण आमच्या पेणच्या गणपती कारखान्यात वही हरवली तरी मूर्तीमूर्तीला गिऱ्हाइकाची चिठ्ठी असते, तशी आतल्या प्रत्येक फाइलच्या तोंडाशीही नाव आणि आकार लिहिलेला असतो. त्या चिठ्ठ्या शोधून काढणारा एक प्रोग्रॅम मिळाला. चाळीस रेकॉर्डिंगं धड निघाली.

"चाळीस आली म्हणून पेढे वाटू?" बहीण म्हणाली. "माझं कुठंय?"

तिचं शेवटचं होतं. तुटलं ते त्यातच.

जेवढं होतं तेवढं फोनवर लावलं. आधी खोकला. मग, "चालू झाला का रं ह्यो? जा आता." दार लागल्याचा आवाज. "ऐक गो बाय. मी तुला त्या दिशी बोलले ना, त्ये..."

पुढे काही नाही.

बहीण फोनकडे बघत राहिली. "किती राहिलं?"

चिठ्ठीवर पूर्ण आकार होता. हाती आलेला वजा करून मी मिनिटांचा हिशेब आधीच केला होता. सांगायला नको होता. "चार मिनिटं बारा सेकंद."

"एवढं बोलली ती?" म्हणाली, आणि पदरात तोंड घातलं.