संघातली बारावी मुलगी

मी देशाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक होतो आणि माझ्या संघानं परदेशात पदक जिंकलं, हे इंदापुरात अजून सांगतात. त्या संघातून मी कुणाला वगळलं, ते कुणी सांगत नाही. मीही सांगितलं नाही.

ती सणसरची. माझ्यासारखीच बौद्ध घरातली. मी इंदापूरच्या शाळेत खेळाचा शिक्षक होतो तेव्हा ती पहिल्या एसटीनं यायची आणि मुरमाच्या मैदानावर गुडघे सोलून निघेपर्यंत खेळायची. पुढं मी राज्याचा, मग देशाचा प्रशिक्षक झालो. नव्वदच्या दशकात देशाच्या शिबिरापर्यंत ती पोचली, ती स्वतःच्या खेळावर.

शेवटच्या दिवशी अकरा नावं ठरली. बाराव्या जागेसाठी ती आणि आणखी एक मुलगी उरल्या. निवड समितीतले एक गृहस्थ चहा पिताना हसत म्हणाले, "ही तुमच्यातलीच ना? घ्या की. तुमचा शब्द कोण मोडणार?"

एवढंच. विरोध कुणीच केला नव्हता. मीच घाबरलो. उद्या म्हणतील, जातीची म्हणून घेतली. मी दुसरीचं नाव लिहिलं. ती दुसरी खेळात हिच्यापेक्षा कमी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"सर, माझं काय चुकलं?" यादी लागल्यावर सणसरच्या मुलीनं विचारलं.

"उंची कमी पडते."

दोघींची उंची सारखीच होती. ती बॅग भरायला गेली.

पदक घेऊन आलो तेव्हा इंदापुरात माझा सत्कार झाला. तिचे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. तेही हार घेऊन आले. "सर, लय नाव काढलं तुमी. पोरगी म्हणती, माझाच पाय मुरगाळला, न्हायतर सरांनी मला सोडलं नसतं."

बापाजवळ तिनं मला सांभाळून घेतलं होतं. "व्हय, नशीब," म्हणत मी मान पुढं केली.

दोनेक वर्षांनी बारामतीच्या स्टँडवर ती भेटली. लग्न होऊन कोऱ्हाळ्याला गेली होती, खेळ सुटला होता. मी कसंबसं म्हणालो, "तुझ्यावर अन्याय झाला."

"झाला न्हाय सर, तुमी केला. दुसऱ्या कुणी केला असता तर मी भांडले असते."

तिची गाडी लागली, ती गेली.

त्यानंतर मी आणखी संघ नेले, पुरस्कारही घेतले. आमच्या समाजातली एकही मुलगी पुन्हा माझ्याकडं खेळायला आली नाही.