परतीचे भाडे

गावाला निघालेले गिऱ्हाईक शिधा घ्यायला आले, की बसलिंगअप्पा तराजूला हात लावण्याआधी विचारत, "यायचं काय केलंस?" माणूस गंगाखेडला लग्नाला चाललेला असो की परभणीला कचेरीच्या कामाला. जाण्याच्या वाटेचे फुटाणे-गूळ एका पुरचुंडीत आणि येण्याच्या वाटेचे दुसऱ्या पुरचुंडीत, हा त्यांचा नेम होता. दुसऱ्या पुरचुंडीची गाठ ते स्वतः मारत आणि ती सोडवताना नख तुटे. कुणी कुरकुरलेच तर म्हणत, "जाताना भूक लागली की हात हिच्यावरच पडतो. म्हनून आवळलीय."

पालमच्या पेठेत त्यांचे किराण्याचे दुकान होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज मोठा. रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला "शरणार्थ" घातले की तो पेठेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. आमचे घर जवळच्या खेड्यात, थोड्याशा कोरडवाहू जमिनीवर चाललेले. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते बाजाराला आले की अप्पांच्या ओट्यावर टेकत. मी शाळेसाठी पालमला राहिलो तो अप्पांच्या दुकानामागच्या खोलीत. तिथे मिरच्यांच्या पोत्यांना टेकून मी अभ्यास केला, शिंका देत देत.

पुढे हैदराबादेत बी. ए. झालो. आमच्या घरात सही करणारासुद्धा मी पहिलाच. त्यानंतर सिलोन बेटावरच्या एका शेतीशाळेत दोन वर्षांची जागा मिळाली. फी माफ होती. राहण्याखाण्याला सरकारातून वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मंजूर झाला, पण तो एकरकमी आणि हाली रुपयांत. हाली रुपया निजामाच्या हद्दीबाहेर चालत नसे. तो मोडून इंग्रजी कलदार घ्यायचा, म्हणजे सातवा हिस्सा जागच्या जागी घटणार.

खर्चाचा मेळ घालायला आम्ही अप्पांच्या ओट्यावर बसलो. अप्पांनी पाटी घेतली आणि सगळ्यात खाली, कडेला चिकटून पहिली ओळ लिहिली: यायचे भाडे. मग वरून सुरुवात केली. रेल्वे, धनुष्कोडीहून आगबोट, खोली, तांदूळ, तेल.

"थंडी किती म्हैने?"

"थंडी नसतेच, अप्पा."

"मंग वाकळ काट. पाऊस?"

"जवळजवळ वर्षभर."

"वर्षभर!" अप्पांनी दादांकडे पाहिले. "दादाराव, आपल्या वाटचा तिकडंच पडायलाय बघा."

शेजारचे शिंपी इमामसाब सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "अप्पा, कशाला हिशेब करायलाव? लंकेत सोन्याच्या विटा हायत म्हन्तेत. पोरगं येताना दोन खिशात घालून आनंल."

"त्या विटा आनायला तरी भाडं लागतंच की, इमामसाब."

मेळ बसेना. यायचे भाडे धरले की दुसऱ्या वर्षाचे शेवटचे महिने उपाशी जात होते. मी म्हणालो, "तेवढी ओळ सध्या पुसू या. तिथे काही काम करून भाडे जमवीन."

अप्पांनी पाटी पालथी घातली. "मंग जायचं न्हाई."

दादा उसळले. "अप्पा, लेकराचं नशीब उघडायलंय अन् तुमी आडवे येताव?"

अप्पांनी पालथी पाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "माझा थोरला भाऊ आगबोटीनं रंगूनला भाताच्या गिरणीत गेला. भाडं तिथंच जमवतो म्हनला. दर कागदात तेच लिव्हायचा, भाडं जमायलंय, भाडं जमायलंय. मंग कागद बंद झाले. आमची माय रोज दिवस मावळताना येशीत जाऊन बसायची. तिथंच थकली. दादाराव, तुमाला येशीत बसवायचं न्हाई मला."

पुढच्या बाजारी अप्पांनी आपले तट्टू विकले. त्याच तट्टावर बसून ते राणीसावरगावच्या बाजाराला माल घेऊन जात. आलेले पैसे कलदार करून त्यांनी एका फडक्यात बांधले, वर तीच गाठ मारली आणि माझ्या हाती दिले. त्यानंतर अप्पा पायीच जात. वाटेत कुणी टोमणा मारी, "अप्पा, तट्टू कुठंय?" तेव्हा ते म्हणत, "सिलोनला गेलंय. शिकायलंय."

अप्पांच्या हिशेबात एक चूक होती आणि ती आमच्याकडच्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. सुगीला धान्य स्वस्त, तेव्हाच वर्षाचे भरून ठेवायचे, हे आमच्या हाडात मुरलेले. "गेल्या गेल्या सालाचं भरून टाक," अप्पांनी बजावले होते. मीही तसेच केले. तांदूळ, डाळ, मिरच्या, सगळे पोत्याने घेतले. घरमालकीण तमिळ बाई होती. ती पोत्यांकडे पाहून हसली आणि काहीतरी म्हणाली, ते मला कळले नाही. पहिल्याच पावसाळी महिन्यात कळले. डाळीला मोड आले, मिरच्यांवर पांढरी लव चढली, तांदळाला हात लावला तर गोळा हाती येई. त्या ओल्या हवेत धान्य आठवड्याचेच घ्यायचे असते.

मी अप्पांना कळवले. उत्तर आले: "चूक माझी. मला वाटलं दुनिया पालमसारखीच कोरडी हाय. पन फडक्याला हात लावू नको."

नाही लावला. भूक लागली की गाठ चाचपून पाही, एवढेच. संध्याकाळी एका दुकानदाराच्या मुलांना गणित शिकवू लागलो. त्या बदल्यात भात मिळे. उरलेल्या वेळी फणस होताच. घरमालकीण तो निरनिराळ्या तऱ्हांनी शिजवून माझ्यापुढे ठेवी.

दुसरे वर्ष सरत आले असताना तार आली. दादा अंथरुणाला खिळले होते. वजिफा संपल्यात जमा होता. त्या संध्याकाळी मी गाठ सोडवायला बसलो. ती सुटेना, शेवटी दातांनी सोडवली. सकाळी आगबोटीच्या वाटेला लागलो.

गंगाखेडला गाडीतून उतरलो, बैलगाडीने घरी पोहोचलो. दादा खाटेवर होते. उशाशी अप्पा बसले होते. दुकान मुलावर सोपवून ते रोज दुपारी पायी येत आणि दादांना पेज पाजत, हे मला आईने नंतर सांगितले. मला दारात पाहताच अप्पा उठले आणि उशाची जागा मोकळी केली. दादांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्यांना बोलवत नव्हते, पण ओळख पुरती होती. पुढे ते महिनाभर होते आणि तो सगळा महिना मला मिळाला.

अप्पा जाऊनही आता बरीच वर्षे झाली. नोकरी लागल्यावर मी त्यांना तट्टू घेऊन द्यायला गेलो तर त्यांनी मला हाकलून दिले. त्यांचे ऋण असे कुठल्याच आकड्यात मावले नाही. त्यांची आठवण आली, की मला मी परतलो तो पहिला दिवसच दिसतो. दादांचा डोळा लागल्यावर मी बाहेर आलो. अप्पा आमच्या ओट्यावर बसून माझ्याकडे एकटक पाहत राहिले. मी अवघडून म्हणालो, "काय झालं, अप्पा?"

"काय न्हाई. बस जरा. बघू दे," ते म्हणाले. "आगबोटीनं गेलेलं मानूस परत आलेलं मी पहिल्यांदाच बघायलोय."