नानांचं धाबं

नंदुरबारच्या आमच्या गल्लीत पहिला स्लॅब आमच्या घरावर पडला. माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, त्याचा इतका अभिमान की आल्यागेल्याला ते आधी गच्चीवर न्यायचे आणि मग खाली आणून पाणी विचारायचे. पाहुणा वैशाखातला असला तर त्या बिचाऱ्याला पाणी आधी हवं असायचं.

त्याआधी आमचं घर धाब्याचं होतं. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. सागाच्या तुळया, त्यांवर काटक्या, कडुलिंबाचा पाला, जाड माती, आणि सगळ्यात वर खारी. ही खारट माती पावसाचं पाणी खाली उतरू देत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की गल्लीतली माणसं पाट्या घेऊन एकमेकांच्या धाब्यांवर चढायची. आज आमच्याकडे खारी टाकली की उद्या शेजारच्या नानांकडे. ज्याचं घर, त्याच्याकडे चहा.

आता धाब्याचे गोडवे सगळेच गातात. तेव्हा मात्र आषाढात एखादा कोपरा गळायचाच आणि आम्ही पातेली सरकवत बसायचो. माझं एक जमत आलेलं लग्न त्या छतापायी मोडलं. मुलीचे मामा चहा पीत होते आणि वरून त्यांच्या कपात मातीचा खडा पडला. ते स्थळ गेल्याचं मला दुःख नाही (बायको हे वाचणार आहे), पण आप्पा तो कप कधी विसरले नाहीत. मला नोकरी लागली, घर पाडायचं ठरलं, तेव्हा टिकावाचा पहिला घाव त्यांनी स्वतः घातला.

"आते माटीनी कटकट मिटी गई," ते वास्तुशांतीला सगळ्यांना सांगत होते.

कटकट मिटली खरी. इंजिनिअरने मोबाइलवर कुठल्याशा बंगल्याचा फोटो दाखवला, म्हणून आम्ही पश्चिमेला काचेच्या मोठ्या खिडक्या घेतल्या. गाडी लावायला जागा हवी म्हणून अंगणातला कडुलिंब काढला. पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की आपण काय करून बसलो आहोत. भाकऱ्या झाल्यावरही तवा तापलेलाच राहतो ना, तसा तो स्लॅब दिवे लागल्यानंतरही तापलेला असायचा. पंखा तीच गरम हवा ढवळायचा. मग कूलर आला, तो बादल्यांवर बादल्या पाणी पिऊ लागला, आणि नळाला तर रोज पाणी नाही. मग एसी आला. एसीची हवा टिकावी म्हणून हौसेने बसवलेल्या त्या खिडक्यांना जाड पडदे आले. बिल फुगलं, तेव्हा गच्चीवर सोलरही आलं. म्हणजे ज्या उन्हाने घर भाजतं, त्याच उन्हावर यंत्र चालवून ते गार करायचं. याला लोक शहाणपण म्हणतात, आणि मीही पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवतो.

आप्पा एसीत बसायला तयार नव्हते. "बंद दारमा जीव गुदमरस," म्हणायचे. दुपारी जेवण झालं की टॉवेल खांद्यावर टाकायचे. "जरा नानानी तब्येत देखी येस."

नानांची तब्येत ठणठणीत होती. एकदा मी आप्पांना बोलवायला गेलो, तर दोघं म्हातारे धाब्याखाली नुसत्या जमिनीवर गाढ झोपलेले. पंखासुद्धा बंद होता. बाहेरच्या रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं आणि आत माझ्या पायांना गार लागत होतं. आप्पांना जाग आली. मला पाहून ते ओशाळले.

"नाना सोडत नही," म्हणाले.

गेल्या दिवाळीनंतर नानांचा मुलगा सुरतेहून आला, सोबत इंजिनिअर घेऊन. त्याला स्लॅबचं घर हवं होतं. नानांना धाबं पाडायचं नव्हतं, पण मुलाशी वाद घालायचा नव्हता. त्यांनी अट घातली, की आप्पा म्हणतील तसं. नानांना वाटलं असणार की आपण जिंकलो. आपल्या छताखाली रोज दुपारी कोण झोपतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

सगळे आमच्या ओट्यावर जमले. गल्लीतली चार माणसंही उगाच येऊन उभी राहिली.

"आप्पा, तुम्हले अनुभव शे," नाना म्हणाले. "सांगा, पाडूत का ऱ्हाऊ देऊत?"

आप्पांनी आमच्या घराकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं.

"पाडा," ते म्हणाले. "आते कोणी माटीना घरमा ऱ्हास का?"

माझ्या ओठांवर शब्द आले होते. पण बोलायचं म्हणजे काय, तर चारचौघांत सांगायचं की माझा बाप स्वतःचं पक्कं घर सोडून झोपायला शेजारी जातो. आपलेच दात, आपलेच ओठ. मी चहाचे कप गोळा करून आत गेलो. त्या कपांचा मला अजून राग येतो.

धाबं उतरवलं तेव्हा गल्लीभर धूळ झाली. मातीच्या ढिगात कडुलिंबाचा पाला निघाला, वाळून काळा पडलेला, पण अजून ओळखू येणारा. आप्पा ढिगाजवळ बराच वेळ उभे होते. ट्रॅक्टर माती घेऊन गेला, तेव्हा घरात आले.

नानांची वास्तुशांती चैत्रात झाली. घर देखणं झालंय. पश्चिमेला खिडक्या आमच्यापेक्षा मोठ्या आहेत.

वैशाख लागल्यावर एका दुपारी आप्पा जेवले, सवयीने टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर पडले आणि लगेच परत आले. मला सुट्टी होती, मी समोरच बसलो होतो.

"नाना घरी नाहीत का?" बायकोने विचारलं.

"घरमाच बठेल शेत ना," आप्पा म्हणाले. "पण त्यासनं घरबी आते आपलासारखंच व्हई गयं."

मग त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावलं, पडदा ओढला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"लाव ते मशीन," म्हणाले.