माई म्हणजे काय

इटलीतला हिवाळ्यातला पाऊस मला कधी आवडला नाही, आणि आवडून घ्यायचा प्रयत्नही मी केला नाही. आमच्या वसईकडच्या जूचंद्र गावचा पाऊस भांडखोर बाईसारखा. तोंड सोडतो आणि मोकळा होतो. तिथला पाऊस मनात धरून बसणारा. सकाळी भुरभुर, दुपारी भुरभुर, आकाश कायम मळक्या चादरीसारखं. कपडे हीटरवर टाकले तरी ओलसर राहायचे आणि अंगातल्या स्वेटरला कुबट वास यायचा.

मी तिथं एका म्हातारीला सांभाळायला गेले होते. नालासोपाऱ्याच्या हॉस्पिटलात माझ्यासोबत नर्स असलेल्या वसईच्या मैत्रिणीची मावशी कित्येक वर्षं तिकडे हेच काम करते, तिनंच हे घर लावून दिलं. वर्षभरासाठी म्हणून गेले. भावानं विरारला फ्लॅट घेतला होता आणि आई गावच्या घरात एकटी होती. तिला मी शब्द दिला होता की पुढच्या गणपतीला घरी असेन.

भाषेच्या नावानं बोंबच होती. पाणी, गोळी, दुखतं, जेवण एवढे शब्द मोबाईलवरून पाठ केलेले. पण म्हातारीचं माझ्याहून वाईट होतं. तिला झटका येऊन गेला होता, उजवा हात लुळा पडला होता आणि हाताबरोबर शब्दही गेले होते. उरले होते दोन-तीन. त्यातला एक ती दिवसभर वापरायची. माई.

आमच्या घरात आईला माई म्हणतात. पहिल्यांदा मी तिला अंघोळीला उठवत होते, तेव्हा तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, "माई." एवढी पिकली बाई, आणि आईला हाक मारतेय. मी तिच्या केसांवरून हात फिरवला, मराठीतच म्हटलं, "हो गं, मी आहे ना." आणि नेलं अंघोळीला. मग गोळी पुढे केली की माई, सूप पुढे केलं की माई, खिडकी लावली की माई. दर वेळी मी तिला जवळ घ्यायची आणि ती माझ्याकडे डोळे वटारून बघायची. आजारपण माणसाला असं करतं, मी मनात म्हणायची.

फोनवर मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मरनाजवल आलेलं मानूस आईलाच बोलवतं गो. तिचे डोक्यावर हात ठेव." मग पावसाची चौकशी आणि तिचं रोजचंच, "तयं पानी परतंय का अजून? कवा येशील?"

म्हातारीचा मुलगा दूरच्या शहरात राहायचा आणि रविवारी यायचा. त्याच्यासमोर ती रुसून तोंडच उघडायची नाही. त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं जमायचं. घर नदीकाठी होतं, पावसानं नदी रोज वर सरकत होती आणि त्याला तिकडे आईच्या काळजीनं झोप लागत नव्हती. तिला वृद्धाश्रमात ठेवायचं त्याच्या मनात होतं. माझ्याआधी दोन बायका काम सोडून गेल्या होत्या, त्याचाही त्याला धसका होता. एका रविवारी त्यानं मला विचारलं, तिला कळतं का काही? मी खरं तेच सांगितलं. नाही, दिवसभर आपल्या आईला हाका मारते. त्याचा चेहरा पडला. पुढच्या रविवारी तो डॉक्टरांना घेऊन आला.

त्या दिवशी नदीचं पाणी रस्त्याच्या कठड्याला लागलं होतं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. डॉक्टर पोक्त बाई होत्या, इंग्रजी चांगलं बोलायच्या. म्हातारीला आजूबाजूचं कळत नाही असं त्यांनी लिहून दिलं की त्याच आठवड्यात तिला हलवणार होते. म्हातारी खुर्चीत ताठ बसली होती आणि चांगल्या हातानं टेबलाची कड धरून होती. तो हात मला अजून दिसतो.

डॉक्टरांनी मला विचारलं, "ती आईला हाक मारते म्हणजे नेमकं काय म्हणते? मामा? आम्ही आईला तेच म्हणतो."

"नाही," मी म्हटलं. "माई."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमच्या भाषेत माई म्हणजे कधीच नाही," त्या म्हणाल्या.

मला धरणी दुभंगावी असं झालं. अंघोळ? कधीच नाही. गोळी? कधीच नाही. एवढे आठवडे बाई माझ्याशी एका शब्दानं भांडत होती आणि मी मेली तिच्या केसांवरून हात फिरवत होते. माझ्या अडाणीपणानं तिचं घर जाणार होतं. मी मुलाला म्हटलं, चूक माझी आहे, तिला सगळं कळतं. तो म्हणाला, नोकरी जाईल म्हणून तू आता असं बोलतेस. राग आला, पण त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

डॉक्टर म्हातारीपुढे वाकल्या आणि त्यांनी हळू विचारलं. त्यांचा प्रश्न मला हातवाऱ्यांवरून कळला. हे घर सोडून जायचं? म्हातारीनं डॉक्टरांकडे पाहिलंच नाही. मुलाकडे बघत, एकेक अक्षर तोलून म्हणाली, "माई."

मुलानं खिडकीबाहेरच्या पाण्याकडे पाहिलं. मग अंगातला ओला कोट काढून खुर्चीवर टाकला. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण एकटी ती राहू शकत नाही. आधीच्या दोघी गेल्या. तूही जाणारच ना?"

म्हातारी आता माझ्याकडे बघत होती. तिचा हात टेबलावरून सुटून माझ्या मनगटावर आला होता. विचार करायला हवा होता. मी केला नाही. नुकताच शिकलेला शब्द जिभेवर होता, तोच बाहेर पडला.

"माई," मी म्हटलं.

मुलानं मान डोलावली आणि डॉक्टरांनी कागद पिशवीत परत ठेवले. म्हातारीनं पहिल्यांदाच न भांडता सूप घेतलं. मी भांडी विसळत होते तेवढ्यात ओट्यावरचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव होतं, माई.

"जेवलीस का गो?" तिनं विचारलं. मग रोजचंच. "कवा येशील?"

"माई," मी म्हटलं, आणि नळ बंद केला.